एका संख्येनें अडविलेला दुभाष्या

पाटीवर काढलेली ५ ही आकृति आणि पांच ही संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें पहिलींतल्या मुलाला हळूहळू उमजतें. संगणकाचेंहि तसेंच आहे. आपण त्याला जें लिहून देतों, तीं त्याच्या लेखीं निव्वळ अक्षरें. गणित व्हावयाचें तर आधीं त्यांची संख्या बनवावी लागते. हें काम इंटरप्रीटर, म्हणजे आज्ञावली वाचून ती यंत्राकडून पार पाडून घेणारा दुभाष्या, करतो.

पीएचपी या भाषेच्या दुभाष्यावर असंख्य संकेतस्थळें चालतात. २०१० च्या डिसेंबरअखेर असें उघडकीस आलें कीं, २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात ही संख्या त्याच्यापुढें ठेवली, तर तो गणितांत बुडतो तो पुन्हां वर येतच नाहीं! कोणा खोडसाळानें एखाद्या अर्जाच्या चौकटींत एवढेच आंकडे भरावे, आणि तिकडचें यंत्र गुंतून पडून इतरांचीं कामें खोळंबावीं, असा हा प्रकार.

हें रूपांतर एका दमांत होत नाहीं. दुभाष्या प्रथम अंदाज करतो, मूळ आंकड्याशीं ताडून पाहतो, फरक दिसल्यास सुधारतो. फरक मिटला कीं थांबतो. स्मृतींत संख्येला ६४ बिटांची जागा असते. परंतु इंटेलच्या जुन्या पद्धतीच्या गणनयंत्रणेंत ती ८० बिटांच्या कप्प्यांत राही. आणे-पैच्या काळीं एखादा कारकून हिशेब पैपर्यंत करी, पण त्याच्या वहींत रकाना मात्र आण्यांचाच असता, तर त्याचा ताळा कधीं जमला असता काय? सदर संख्या तर यंत्राच्या पूर्ण अचूकतेची सीमा जेथें संपते, अगदीं त्या उंबरठ्यावरची. केलेली सुधारणा तेथें टिकेना आणि फेरे संपेनात.

उपाय मोठा मौजेचा निघाला. दुभाष्या सी भाषेंत लिहिलेला आहे. तींतील ‘व्होलाटाइल’ हा एक शब्द संबंधित राशींच्या घोषणेंत घातला. ‘ही राशि कप्प्यांत धरून ठेवूं नको, प्रत्येक वेळीं स्मृतींत लिही’, असा त्याचा अर्थ. काम किंचित् मंदावलें, पण ताळा जमूं लागला. ६ जानेवारी २०११ रोजीं ५.३.५ व ५.२.१७ या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या.

त्यानंतर लौकरच जावा ही भाषा शेवटीं ११ ऐवजीं १२ असलेल्या संख्येवर अडते, असें दिसून आलें. तेथें ८० बिटांचा कांहींएक संबंध नव्हता; अंदाज दोन शेजारच्या संख्यांमध्यें लंबकासारखा झुलत राही. ती दुरुस्तीहि २०११ च्या फेब्रुवारींत झाली.