झाडांच्या आडोशाला दोन घास

‘ताई, तुम्ही आत बसा, फॅमिली रूम आहे.’ तालुक्याच्या गावी हॉटेलात गेलेल्या बाईच्या कानावर हे वाक्य कधी ना कधी पडतंच. मैत्रिणींनो, ती फॅमिली रूम कशी असते हे मी सांगायला नको. प्लायवूडची भिंत, कळकट पडदा, करकरणारा पंखा, आणि बाहेरचं काही म्हणून दिसत नाही. बाहेर बसावं तर नजरा, आत बसावं तर कोंडवाडा.

आमच्या बचत गटाने एसटी स्टँडजवळ पोळीभाजीची खाणावळ काढली, तेव्हा हाच प्रश्न आमच्यापुढे आला. एकच हॉल, वीस बाय तीस फुटांचा. दुपारी ड्रायव्हर-कंडक्टर, कोर्टात आलेले पक्षकार आणि दाखल्यांसाठी तहसीलमध्ये हेलपाटे घालणाऱ्या बाया. या बाया दारातून डोकवायच्या, गर्दी बघायच्या आणि हळूच म्हणायच्या, ‘पार्सल द्या.’ मग स्टँडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन, भिंतीकडे तोंड करून खायच्या. हॉटेल बायकांचं, आणि बायकाच बाहेर!

प्लायवूडचा खर्च झेपणारा नव्हता. गटातल्या एक वहिनी म्हणाल्या, ‘अहो, तेलाचे रिकामे डबे किती साठलेत. त्यांत झाडं लावू या की.’ मी आधी हसलेच. मग टेप घेऊन बसलो. खुर्चीवर बसलेल्या बाईचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतात. म्हणजे साडेचार फुटांपर्यंत हिरवळ पोचली की पुरे. बसलेल्या माणसाला पलीकडचं ताट दिसत नाही, पण बाई उठून उभी राहिली की तिला दार दिसतं, गल्ला दिसतो, सगळा हॉल दिसतो. फॅमिली रूममध्ये नेमकं हेच नसतं. पंधरा किलोचा डबा सव्वा फूट, खाली फूटभर उंचीचं बाकडं, वर सव्वादोन फुटांचं झाड. हिशेब बरोबर जुळला.

झाड कोणतं, यावर मात्र बरीच वादावादी झाली. तुळस लावू म्हणाल्या एक जणी, पण तिला ऊन लागतं, शिवाय उष्ट्या ताटांशेजारी तुळस कुणालाच रुचेना. अरेका पाम सुंदर दिसतो, पण पसरतो; वाढणारीच्या पदराला अडकतो. तो खिडकीशी गेला. मधल्या रांगेत स्नेक प्लांट आले. पानं सरळ वर जातात, कमी उजेडात तग धरतात, पाणी दहा-बारा दिवसांनी दिलं तरी चालतं. डिफेनबेकिया आम्ही हौसेने आणला होता, तो परत केला. त्याचं पान लहान मुलाने चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. आणि बायांबरोबर मुलं असणारच. स्नेक प्लांटही खायचं झाड नव्हेच, म्हणून तेही मुलांच्या हाताला येणार नाही असंच ठेवलं.

रांगा लावताना ताट घेऊन जायला तीन फुटांची वाट सोडली. कुठलंही टेबल चारी बाजूंनी बंद केलं नाही. एक बाजू गल्ल्याकडे उघडीच. (आडोसा नजरेला होतो, आवाजाला नाही. सासूबद्दल बोलताना जपून!)

झाडांनी हवा शुद्ध होते म्हणून कुणी कौतुक केलं तर मी आता गप्प बसत नाही. १९८९ मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी केलेले प्रयोग छोट्या बंद पेट्यांमधले होते. नेहमीच्या खोलीत चार डब्यांनी तेवढा फरक पडत नाही. खिडकी उघडा, बाई.

चूक आमच्याकडूनही झाली. डब्यांना खाली भोकं पाडली, पाणी फरशीवर येऊ नये म्हणून ताटल्या ठेवल्या आणि विसरलो. एके दिवशी जेवायला आलेल्या आशाताईंनी ताटली उचलून दाखवली. आत वळवळणाऱ्या अळ्या! डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून दर सोमवारी ताटल्या घासून कोरड्या होतात. त्याच दिवशी पानं ओल्या फडक्याने पुसतो, कारण फोडणीचा तेलकट थर बसला की झाड कोमेजतं. निम्मे डबे मागच्या अंगणात विश्रांतीला जातात, निम्मे आत येतात.

पहिल्या आठवड्यात एक आजी आल्या, श्रावणबाळ योजनेच्या कामाला. झाडांमागे बसल्या, चपला काढल्या, पाय वर घेऊन मांडी घातली आणि सावकाश दोन भाकरी खाल्ल्या. पार्सल मागितलं नाही. जाताना स्नेक प्लांटचं पिल्लू मात्र मागून नेलं.

परवा एक ड्रायव्हरदादा म्हणाले, ‘ताई, आम्ही काय पाप केलंय? आम्हालाही झाडाजवळ बसू द्या की.’ गटाच्या बैठकीत यावर तासभर भांडण झालं. शेवटी ठरलं, झाडांमागची दोन टेबलं दुपारी तीनपर्यंत बायकांची, नंतर कुणीही बसा. वहिनींना ते अजून पटलेलं नाही. त्या म्हणतात, डबे आणखी आहेत, दादांनाही एक रांग लावून देऊ.