छातीवरच्या बॅजचा खरा हिशेब

जळगाव-धुळ्याकडे हाडांच्या ऑपरेशनला आता एक्स-रेचं सी-आर्म मशीन नवं राहिलेलं नाही. रॉड बसवताना हाड पडद्यावर सतत दिसावं लागतं. किरणांचा झोत रुग्णावरच असतो, पण त्याच्या अंगावरून ते चहूकडे विखुरतात. एक मीटरवर साधारण हजारावा भाग पोहोचतो. एका ऑपरेशनपुरतं हे किरकोळच. पण वर्षानुवर्षं रुग्णाचा पाय धरून उभ्या राहणाऱ्या ब्रदरचा एकूण डोस वाढत जातो. किरण दिसत नाहीत, चटकाही देत नाहीत. म्हणून हा डोस मोजणारा टीएलडी बॅज.

बॅजमध्ये डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेली ही पद्धत. किरणांची ऊर्जा चकतीत अडकून बसते. प्रयोगशाळेत जवळपास 300 अंशांपर्यंत तापवली की ती प्रकाश होऊन बाहेर पडते आणि त्यावरून डोस कळतो. भुसावळचा 45 अंशांचा उन्हाळा ही नोंद पुसू शकत नाही. ती बिघडते माणसाच्या सवयीने. बॅज ड्रॉवरमध्ये राहिला तर घेतलेला डोस कागदावर येतच नाही. एप्रनला लावून एक्स-रे रूममध्येच टांगला, तर न घेतलेला डोस नावावर चढतो. बॅज छातीवर, लेड एप्रनच्या आतच हवा.

अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट. कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. एकाच तिमाहीत 10 च्या पुढे गेलं की चौकशी होते. निसर्गातून माणसाला मिळणारा डोस जगभराच्या सरासरीने वर्षाला 2.4 च्या आसपास आहे.

मला जास्त काळजी वाटते ती बॅज नसलेल्यांची. रडणारं पोर एक्स-रेसाठी धरायला दर वेळी त्याच मावशींना हाक मारली जाते. हे थांबायलाच हवं. एप्रन घालून नातेवाइकाने धरावं, तेही नाइलाज असेल तेव्हाच. दिवस गेलेल्या सिस्टरने लगेच कळवावं, कारण त्यानंतर पोटातल्या बाळासाठी मर्यादा 1 मिलिसिव्हर्टचीच आहे.

तिमाहीचा अहवाल ऑफिसच्या फाइलीत पडून राहू नये, बॅज लावणाऱ्याने तो मागून घ्यावा. धुळ्याची नोकरी सोडून जळगावला गेलं तरी आपला बॅज क्रमांक नव्या ठिकाणी सांगायचा, म्हणजे मागचा डोस पुढच्यात मिळवता येतो.