मृदा, शेतीपद्धती व पोषण (धाराशिव जिल्हा)

मृदा, शेतीपद्धती व पोषण : जमिनीची सुपीकता, तीत पिके घेण्याची रीत आणि त्या पिकांवर जगणाऱ्या माणसांचे पोषण यांमधील परस्परसंबंध. हा संबंध दोन वाटांनी घडून येतो. मातीतील खनिज द्रव्यांचा काही अंश वनस्पतींच्या द्वारे अन्नात उतरतो, ही एक वाट होय. विशिष्ट माती कोणती पिके पोसू शकते व त्यांपैकी कोणती पिके शेतकरी घरी खाण्यासाठी पेरतो, ही दुसरी. पहिल्या वाटेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोरडवाहू मुलखात मात्र दुसरीच अधिक निर्णायक ठरते. मराठवाड्याच्या नैर्ऋत्य भागातील धाराशिव (२०२३ पर्यंत उस्मानाबाद) जिल्ह्यात या दोन्ही वाटा स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

मृदा : जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा असून त्याच्या झिजेपासून येथील काळी माती बनली आहे. बालाघाटच्या पठारावर व उतारांवर ती उथळ, मुरमाड किंवा बरड आहे. तेरणा, मांजरा व सीना या नद्यांच्या खोऱ्यांत ती खोल व चिकण आहे. वार्षिक पाऊस साधारणतः ६०० ते ८०० मिमी. असला, तरी तो बेभरवशाचा आहे. त्यामुळे मातीची खोली हीच येथील खरी संपत्ती होय. एक मीटर खोल काळ्या मातीत पिकास उपयोगी पडेल असे सु. १५० ते २०० मिमी. पाणी साठून राहते. या ओलीवरच, आभाळातून एक थेंबही न पडता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चपर्यंत तग धरते. वीतभर मातीत हे घडत नाही. धुपेने वरचा थर गेला की जमिनीचा कस जातो आणि त्याबरोबर रब्बीचा हंगामही जातो. शेजारच्या सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे जे संशोधन झाले, त्यात समपातळीवरील बांधबंदिस्ती, खोल नांगरट व विरळ पेरणी यांवर भर होता. त्या संशोधनात ना. वि. कानिटकर यांचा वाटा मोठा होता.

रासायनिक दृष्ट्या ही माती विम्लधर्मी व चुनखडीयुक्त आहे. पालाश पुरेसे, परंतु नत्र व सेंद्रिय कर्ब कमी, असे तिचे सामान्य स्वरूप आढळते. चुन्यामुळे स्फुरद, जस्त व लोह ही मूलद्रव्ये मातीत असूनही मुळांना सहजासहजी मिळत नाहीत. उपलब्ध जस्ताचे प्रमाण दशलक्ष भागांत ०·६ भागांपेक्षा कमी असल्यास जमीन जस्तन्यून समजतात. लोहाच्या अभावी उसाची कोवळी पाने पिवळी-पांढरी पडतात. त्यास शेतकरी ‘केवडा पडणे’ म्हणतात. सेंद्रिय कर्ब घटण्यास उष्ण हवामान जितके कारण आहे, तितकीच गुराढोरांची घटती संख्या व शेणाच्या गोवऱ्या करून जाळण्याची चालही आहे. ज्वारीचा कडबा जनावरांच्या पोटातून शेणखताच्या रूपाने शेतात परत येत असे. बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतल्यावर हे चक्र तुटले. जिल्ह्याचे जुने नाव जिला मिळाले ती उस्मानाबादी शेळी आजही लहान शेतकऱ्याचा मोठा आधार आहे. तिच्या लेंडीखताला मात्र कृषिविषयक लिखाणात तिच्या मांसाइतके महत्त्व क्वचितच दिले जाते.

जुनी पीकपद्धती व आहार : खरिपात मूग, उडीद, तूर, भुईमूग व हलक्या जमिनीत बाजरी; रब्बीत ज्वारी, हरभरा, करडई व जवस, अशी येथील जुनी पीकरचना होती. तुरीच्या ओळी दुसऱ्या पिकात घेत, ज्वारीच्या कडेने काटेरी करडई लावून जनावरांपासून राखण करीत. मोहोळ (जि. सोलापूर) येथे १९३० च्या दशकात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही भाकरीसाठी नावाजला जातो [→ ज्वारी].

या शेतातूनच भाकरी, वरण, उसळ, करडईचे तेल आणि पिकांच्या दाटीत आपोआप उगवणारी तांदुळजा, पाथरी, चिघळ, कुर्डू यांसारखी रानभाजी घरात येई. ज्वारीच्या १०० ग्रॅम दाण्यांत सु. १०·४ ग्रॅम प्रथिन व ४·१ मिग्रॅ. लोह असते. तिच्या प्रथिनात लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल कमी असते, तर डाळींत ते भरपूर असून मिथिओनीन कमी असते. भाकरीबरोबर वरण किंवा उसळ खाल्ल्याने दोहोंची उणीव भरून निघते. शेतात डाळवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नत्र स्थिर करून तृणधान्याला पूरक ठरतात. एकच जोडी जमिनीत व ताटात दोन निरनिराळ्या कारणांनी उपयोगी पडावी, हा योगायोग असला तरी मोलाचा आहे.

ही जुनी व्यवस्था सर्वांना पुरेसे अन्न देत होती, असे समजणे चुकीचे ठरेल. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत वल्कचर्म किंवा पेलाग्रा हा विकार आढळत असे. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसीनच्या आधिक्याशी जोडला. या उपपत्तीविषयी पुढे मतभेद झाले. परंतु विकार होई तो डाळ, दूध व भाजीपाला ज्यांच्या ताटात नसे त्यांना, याविषयी वाद नाही. १९७२ च्या दुष्काळात ताटातील डाळच नव्हे, तर भाकरीही हरपली आणि हजारो कुटुंबांनी खडी फोडण्याच्या कामावर दिवस काढले.

सोयाबीनचा प्रसार : १९९० नंतर सोयाबीनचे पीक झपाट्याने पसरत जाऊन ते जिल्ह्याचे प्रमुख खरीप पीक बनले. सु. साडेतीन महिन्यांत हाती येणारे, यंत्राने मळता येणारे व रोख पैसा देणारे हे पीक शेतकऱ्याने स्वीकारले ते विचारपूर्वकच होय. रब्बी ज्वारीच्या काढणीचे कष्ट, मजुरांची टंचाई, पाखरांचा उपद्रव व बाजारातील अनिश्चित भाव यांपुढे सोयाबीन सोयीचे ठरले. त्यातच स्वस्त धान्य दुकानातून मिळणाऱ्या गहू-तांदळामुळे घरच्या ज्वारीची निकड कमी झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने हा हक्क कायदेशीर केला. मातीच्या दृष्टीनेही सोयाबीनला सरसकट दोष देता येत नाही, कारण ते स्वतः नत्र स्थिर करते व पक्व होताना त्याची पाने शेतातच गळतात. दोष आहे तो वर्षानुवर्षे तेच पीक घेण्यात. त्यामुळे मूग-उडदाचे क्षेत्र आक्रसले, कडबा घटला व तणनाशकांबरोबर रानभाज्याही नाहीशा होऊ लागल्या.

सोयाबीनच्या १०० ग्रॅम दाण्यांत सु. ४३ ग्रॅम प्रथिन असते. कोणत्याही डाळीपेक्षा हे प्रमाण जवळजवळ दुप्पट आहे. तथापि कच्च्या दाण्यात प्रथिनाचे पचन रोखणारे घटक असल्याने ते नीट शिजवून किंवा भाजूनच खावे लागते आणि येथील स्वयंपाकात त्याला फारसे स्थान मिळालेले नाही. दाणे गिरणीत जातात, तेल शहरांत व पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. प्रथिनाने भरलेले शिवार आणि प्रथिनाला पारखे ताट असा विपर्यास त्यामुळे दिसतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४·२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय व पाच वर्षांखालील ३५·२ टक्के बालकांत वयाच्या मानाने खुजेपणा आढळला. धाराशिवचा समावेश २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत करण्यात आला. आरोग्य व पोषण हा त्या निवडीतील एक निकष होता.

मातीतील खनिजे व अन्न : सुपीक माती व सुदृढ माणूस यांचा थेट संबंध दाखविण्याचे प्रयत्न भारतातच प्रथम जोराने झाले. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे १९२४–३१ या काळात कंपोस्ट खताची पद्धत विकसित केली. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९२० च्या दशकात, शेणखतावर वाढविलेले धान्य रासायनिक खतांवरील धान्याहून अधिक पोषक असल्याचे प्रतिपादन केले. पुढील संशोधनात हा फरक सर्वत्र सारखा आढळलेला नाही. जस्ताची गोष्ट वेगळी आहे. १९६१ मध्ये आनंद प्रसाद यांनी इराणमधील ग्रामीण तरुणांच्या खुंटलेल्या वाढीचे वर्णन प्रसिद्ध केले व तिच्या मुळाशी जस्तन्यूनता असावी, असे सुचविले. त्यांचा आहार मुख्यतः न आंबविलेल्या पिठाच्या रोट्यांचा होता. धान्यातील फायटेट हे संयुग जस्त व लोह यांना बांधून ठेवते. आंबविल्याने व मोड आणल्याने ते कमी होते. त्या दृष्टीने ज्वारीची आंबील व मोडाच्या उसळी या केवळ चवीच्या गोष्टी नव्हेत.

जस्तन्यून जमिनीत हेक्टरी सु. २५ किग्रॅ. झिंक सल्फेट देण्याची शिफारस करतात. शेणखत वा गांडूळखत बांधले गेलेले जस्त काही अंशी मोकळे करते, परंतु मुळातच तूट मोठी असल्यास केवळ सेंद्रिय खत पुरे पडत नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने (परभणी) २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हा लोह व जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण प्रसारित केला.

स्त्रियांची एक एकर शेती : ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात उमरगा-लोहारा भागाची मोठी हानी झाली. पुनर्वसनाच्या त्या कार्यातून प्रेमा गोपालन यांची ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ ही संस्था वाढली. २०१२–१६ मधील वारंवारच्या दुष्काळांत तिने एक एकर शेतीचा प्रयोग पसरविला. बहुतेक स्त्रियांच्या नावावर जमीन नसते. म्हणून घरच्या जमिनीतील अर्धा ते एक एकर तुकडा मागून घ्यावयाचा, त्यात धान्य, डाळी व भाज्या मिळून अनेक पिके घ्यावयाची, खत व बियाणे शक्यतो घरचेच वापरावयाचे आणि आधी घरी खाऊन उरलेले विकावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. या कार्यास २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. या प्रयोगात बदलते ती खताची जात कमी व निर्णय घेणारी व्यक्ती अधिक. उरलेल्या जमिनीत सोयाबीन राहतेच, आणि त्यावाचून घरखर्च भागणेही कठीण असते.

२०१५ पासून दिल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त व लोहासह बारा बाबींची नोंद असते. गावच्या अंगणवाडीत बालकांचे वजन व उंची नोंदविली जाते. पहिली नोंद कृषी विभागाकडे राहते, दुसरी महिला व बालविकास विभागाकडे.