वाटी-चमच्याचा स्वयंपाक

कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ या पुस्तकाने पाककृतींची मापे वाटी-चमच्यांत दिली आणि नवशिक्या हातांनाही रोजचा स्वयंपाक आवाक्यातला वाटू लागला. या पद्धतीचे सोपे उदाहरण म्हणजे शिरा. १ वाटी रव्याला अर्धी वाटी तूप, पाऊण वाटी साखर व २ वाट्या गरम दूध किंवा पाणी पुरते. मात्र रवा मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजणे हेच यातले खरे काम आहे, कारण तुपाचा लेप चढलेले कण एकमेकांना चिकटत नाहीत व गुठळ्या टळतात. साखर रवा फुलून शिजल्यावरच घालावी. ती आधी घातल्यास पाणी ओढून घेते आणि रवा कच्चट राहतो.

जेवणासाठी साधे वरण, म्हणजे फोडणी न दिलेली, हळद-हिंग घालून मऊ शिजवलेली तूरडाळ, भाताबरोबर एकाच कुकरमध्ये वेगळ्या भांड्यात होते. तांदळात कमी असलेले लायसिन, म्हणजे शरीराला अन्नातूनच मिळवावा लागणारा प्रथिनांचा एक घटक, डाळ पुरवते. म्हणून वरण-भात, वर साजूक तूप आणि लिंबाची फोड, हे साधे असले तरी कसदार जेवण आहे.