वाळलं, पण पिकलं का?

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव असतो. त्याआधीचे आठ दिवस आम्हा टी-शर्ट छापणाऱ्यांना उसंत नसते, आणि बुलडाण्याची थंडीही तेव्हाच भरात असते. शिकाऊ मुलगा छाप्यावर बोट टेकवून म्हणतो, ‘काका, वाळलं.’ मी विचारतो, पिकलं का?

टी-शर्टाची प्लास्टिसोल शाई हवेनं वाळतच नाही. तेलकट द्रवात पीव्हीसीचे बारीक कण, अशी ती असते. साधारण १६० अंश सेल्सिअसला कण तो द्रव शोषून फुगतात आणि एकजीव होतात. त्याच्या बऱ्याच आधी वरचा भाग कोरडा लागतो. बोट फसतं ते इथंच. काळ्या कापडावर पांढरा जाड थर दिला, की घाईतल्या भाकरीसारखं होतं, वरून भाजलेलं, आत कच्चं. त्यात गारठलेलं, दमट कापड आधी स्वतःच उष्णता पितं. म्हणून थंडीत वेळ वाढवावा. नुसती आच वाढवली तर पॉलिस्टरचा रंग पांढऱ्या शाईत चढतो.

थंड झालेला छापा ताणावा. भेगा पडल्या तर तो कच्चा. मंडळाचं नाव दोन धुण्यांत गेलं, तर पुढच्या वर्षी गिऱ्हाईक फिरकत नाही. मी प्रत्येक गठ्ठ्यातला एक शर्ट गरम पाण्यात पाचदा धुतो. मगच बाकीचे बांधतो.