कागदावरची गोधडी आणि पिकोचे मशीन

सोनगीर म्हटले की बाहेरगावच्या माणसाला तांब्या-पितळेची भांडी आठवतात, नाहीतर मुंबई-आग्रा रस्त्यावरून दिसणारा किल्ला. कॉलेजात मी गावाचे नाव सांगितले की "हंडा केवढ्याला मिळतो?" असे विचारणारी एक तरी मैत्रीण निघतेच. पण हा लेख हंड्यांविषयी नाही, चिंध्यांविषयी आहे. वाचकांनी नाक मुरडू नये. आमच्या घराचा बराचसा संसार आणि माझी कॉलेजची फी या चिंध्या ज्या कामातून पडतात त्याच कामातून चालते. आई ब्लाउज शिवते आणि साड्यांना पिको-फॉल करून देते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. आजीने तर शाळेचीही पायरी पाहिलेली नाही.

मात्र गोधडी शिवावी ती आजीनेच. जुन्या लुगड्यांचे थर, वर आईच्या कातरणातले तुकडे आणि साऱ्या अंगभर धावदोरा. हिलाच कोणी वाकळ म्हणतो, कोणी लेपडे. संस्कृतात कंथा हा शब्द आहे. गेल्या वर्षी मोठ्या बहिणीला दिवस गेल्याचे कळले तेव्हा आजी म्हणाली, "पणतूची गोधडी मी शिवीन." पण तोवर तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दुसऱ्याचे राहिले होते. तुकड्याला तुकडा नीट लागेना. दोन वेळा जोडले, दोन वेळा उसवले आणि गाठोडे बांधून तिने ते माळ्यावर टाकले. कोणाशी बोलली नाही.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजात शिवणकामाचे आठ दिवसांचे शिबिर झाले. त्यात कागदावर तुकडे शिवण्याची रीत दाखविली. ती रीत अशी. जाड कागदाचे सगळे सारखे आकार कापायचे. प्रत्येक कागदावर कापड ठेवून चारी बाजूंनी पाव इंच माया सोडून कापायचे. (शिवणकामातला हा शब्द मला फार आवडतो. जोडासाठी जे जास्तीचे कापड राखायचे त्याला आपल्या भाषेत माया म्हणतात. ती कमी सोडली की जोड उसवतो.) मग ती माया कागदावर मागे दुमडून कच्च्या टाक्याने टाचायची. म्हणजे आकाराची धार कागद ठरवतो, हात नव्हे. असे दोन तुकडे सुलट बाजू आत करून समोरासमोर धरायचे आणि कडेकडेने बारीक टाके घालायचे. सगळे शेजारी जोडून झाले की टाचण काढायचे आणि कागदही काढून घ्यायचे.

ही रीत मूळची आपल्याकडची नाही. इंग्लंडात १७१८ साल घातलेली एक रेशमी चादर जपून ठेवलेली आहे, ती याच रीतीने केलेली आहे. तिकडच्या कित्येक जुन्या चादरींत कागद तसेच राहिले आहेत. जुनी पत्रे, हिशेबाची पाने, मुलांचे कित्ते जे घरात पडले असेल ते बायकांनी कापले. आज अभ्यासक त्या कागदांवरचे अक्षर वाचून चादर कोणत्या काळातली हे ठरवतात. हे मी घरी आजीला मोठ्या उत्साहाने सांगितले. तिला ते मुळीच आवडले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

शिबिरात आम्ही षट्कोन शिकलो. भूमितीत ज्यांना रस असेल त्यांना ठाऊक असेल की सर्व बाजू व कोन सारखे असलेल्या आकृत्यांपैकी तीनच आकृत्या फट न ठेवता जमीन भरून काढतात: समभुज त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. षट्कोनाचा कोन १२० अंशांचा, म्हणून एका बिंदूवर बरोबर तीन षट्कोन मिळतात. मधमाशीला हे न शिकता येते. चौकोनी तुकड्यांची गोधडी मशीनवर सहज होते, कारण तिथे या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेषा मिळते. षट्कोनात मात्र सरळ रेषा कोठेच नाही. दर बाजू संपली की वळण. मशीनची अडचण येथेच सुरू होते.

मी दोन इंच बाजूचा षट्कोन धरला. बाळाच्या गोधडीला एका ओळीत ११ तुकडे आणि अशा १३ ओळी, म्हणजे १४३ तुकडे लागले. बी. ए.ला गणित नाही, पण जोड मोजून पाहिले. ओळींमधले १३० आणि ओळीला ओळ जोडण्याचे २५२, मिळून ३८२. एक जोड हाताने घालायला मला आठ मिनिटे लागत होती. म्हणजे नुसत्या जोडांचे पन्नासावर तास झाले. परीक्षा तोंडावर, रोज एस. टी.ने धुळ्याला जाणे-येणे आणि बहिणीचे दिवस भरत आलेले. आई म्हणाली, "पिकोवर घाल की."

गांधीजींचा यंत्रांना विरोध होता असे आपण परीक्षेत लिहितो. पण १९२४ साली दिल्लीत एका तरुणाशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र केले, त्यामागे प्रेम आहे, असे त्यांचे म्हणणे. गोष्ट खरी असो वा नसो, आमच्या घरात ती पटण्यासारखी आहे. सिंगरचे पेटंट १८५१ सालचे, त्याआधी १८४६ साली एलियस हाऊचे. या मशीनांचा टाका सरळ. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात आणि टाका बसतो. पिकोच्या मशीनची सुई याशिवाय डावीकडे-उजवीकडे झोके घेते. अशा झिगझॅग टाक्याच्या यंत्राचे पेटंट हेलन ब्लँचर्ड या अमेरिकन बाईने १८७३ साली घेतले. साडीच्या काठावर जो नागमोडी टाका दिसतो तो हाच. दोन कडा शेजारी-शेजारी ठेवल्या आणि सुई एकदा या कडेत व एकदा त्या कडेत उतरली, तर जोड पडायला हवा. आमचा तर्क एवढाच होता.

पहिला प्रयत्न पूर्ण फसला. मधे एक तुकडा आणि भोवती सहा, असे फूल मी जोडले. मशीनवरून काढून पाहते तो त्याची कढई झालेली! सपाट बसेचना. कारण शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. एक तर वरच्या दोऱ्याचे टेन्शन साडीसाठी बांधलेले होते, ते फार घट्ट. झिगझॅग टाका घट्ट बसला की दोन्ही कडा आत ओढतो, आणि सहाही बाजूंनी कडा ओढल्या की मधला भाग वर उचलला जातो. दुसरे कारण म्हणजे माझी घाई. इस्त्रीने घड्या पक्क्या बसल्या असे समजून मी कागद आधीच काढले होते. षट्कोनाच्या सहा बाजूंपैकी सगळ्या काही कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यावर येत नाहीत, काही तिरप्या जातातच. तिरपे कापड ओढले की ताणते. कागद आहे तोवर त्याला ताणता येत नाही. कागद नुसता आकार काढण्यासाठी असतो असे मी समजत होते. तो मशीनच्या दातांखाली कापडाला सरळ धरून ठेवण्यासाठी असतो. म्हणून सगळे शेजारी जोडले जाईपर्यंत कागद काढायचा नाही, हा पहिला धडा.

पण कागद ठेवला की सुई त्याच्यातून जाणार, हे टळत नाही. झोका घेताना ती कडेपासून एखादा मिलिमीटर आत उतरते आणि तिथे कागद असतोच. त्यातून दोन गोष्टी झाल्या. सुई बोथट झाली आणि पुढच्या साडीचे धागे ओढले गेले. ती साडी गिऱ्हाइकाची होती, आईने काय बोलावे ते बोलून घेतले. तेव्हापासून कागदाची सुई वेगळी ठेवली. दुसरे म्हणजे टाका फार जवळजवळ घातला, तर कागद पोस्टाच्या तिकिटासारखा भोकाभोकांवर तुटतो आणि त्याची बारीक चिंधी आत राहते. टाका थोडा लांब केला, रुंदी दोन मिलिमीटरवर आणली, तेव्हा बेत जमला. कागद सबंध निघू लागला. जी किनार राहते ती पहिल्या धुण्यात मऊ होऊन जाते.

आता आजीचे म्हणणे. पहिले फूल मी लग्नपत्रिकांवर केले होते. लग्नसराईनंतर आमच्याकडे त्यांचा ढीग असतो आणि कागद छान जाड. त्यानंतर माझ्या बारावीच्या वह्या काढल्या. वह्या कापताना आजी जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "अक्षरस्वर पाय कसाले ठेवाना?" ज्या बाईला एक अक्षर वाचता येत नाही तिने मला हे विचारावे! गोधडी पायाखाली जाते, बाळ तिच्यावर सगळे करते. आत अक्षराची चिंधी राहिली तर? मी वाद घालू शकले असते. शाईच ती, असे म्हणता आले असते. पण माझ्या पहिलीच्या पाटीवर माझा पाय लागला तेव्हा तिनेच ती माझ्या कपाळाला लावली होती, ते आठवले. मग वह्यांची शेवटची कोरी पाने आणि ड्रॉइंगचा कोरा कागद एवढ्यावरच सगळे षट्कोन कापले. कोरा कागद विकत आणावा लागला, त्याचा खर्च माझ्या चहाच्या पैशांतून गेला.

जोडणीची रीत अखेर अशी ठरली. आधी ओळी करून घ्यायच्या. एका ओळीत तुकड्याला तुकडा एकाच छोट्या सरळ बाजूने लागतो, तिथे सुलट बाजू आत करून, कडा तंतोतंत जुळवून टाका घालायचा. सुईचा एक झोका कापडात आणि एक कडेच्या बाहेर हवेत, असा. उघडल्यावर तो जोड जवळजवळ दिसत नाही. ओळीला ओळ जोडताना मात्र हे जमत नाही, कारण दर दोन इंचांवर वळण येते आणि आतले कागद मोडावे लागतात. तिथे दोन्ही ओळी टेबलावर सपाट, कडेला कडा टेकवून ठेवायच्या आणि वरून झिगझॅग घालायचा. कोपरा आला की सुई कापडातच खाली रोवून दाब उचलायचा, कापड फिरवायचे, दाब टाकायचा आणि पुढे जायचे. हा टाका वरून दिसतो. दोरा कोणत्या रंगाचा घ्यावा यावर आई आणि मी दोन दिवस भांडलो. शेवटी करडा घेतला. गडद आणि फिक्या, दोन्ही कापडांत तो त्यातल्या त्यात लपतो. तंगुसाचा पारदर्शक दोरा कोणी सुचवील, पण तो इस्त्रीखाली वितळतो आणि बाळाच्या अंगाला टोचतो.

सगळे जोडून झाल्यावर मी कापड आजीच्या मांडीवर टाकले. तिने ते डोळ्यांजवळ नेलेच नाही. उलटा हात फिरवला, मग अंगठा एकेका जोडावरून नेला आणि एका ठिकाणी थांबली. "आठे फट शे." आणखी थोडे पुढे, "आठे बी." मी पाहिले तर डोळ्यांना काही दिसेना. उजेडासमोर धरले तेव्हा तीन तुकडे जिथे मिळतात तिथे सुईच्या नेढ्याएवढे छिद्र! वळताना सुई एक टाका अलीकडे वा पलीकडे रोवली जाते, म्हणून ते पडते. आई म्हणाली, "एवढ्याने काय होते?" आजी म्हणाली, "मना डोया गयात, बोटं नही गयात." असे तिठे २४० होते. बाळाचे बोट आधी तिथेच अडकणार आणि तिथूनच गोधडी फाटायला लागणार, हे तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी प्रत्येक तिठ्यावर मागून तीन टाके हाताने घातले. त्याला दोन रात्री लागल्या. मशीनचे आणि हाताचे मिळून साधारण चौदा तास झाले. कागदावर टाचण्याचा वेळ यात धरलेला नाही, तो दोन्हीकडे सारखाच.

त्यानंतरचे काम आजीने कोणाला करू दिले नाही. खाली दोन जुनी सुती लुगडी, वर हे जोडलेले कापड आणि धावदोरा. सुईत दोरा मी ओवून द्यायची. अशा वीस सुया ओवून पाटावर खोचून मी कॉलेजला निघायची आणि संध्याकाळी येईपर्यंत त्या रिकाम्या झालेल्या असायच्या. दोन ओळींमधले अंतर ती बोटाच्या रुंदीने ठरवायची. पाहून शिवणाऱ्या आमच्यापेक्षा तिच्या ओळी सरळ आल्या. मशीनवर हे दोरे भरता येतील का, असे मी एकदा विचारले. येतात, पण गोधडी कडक होते आणि अंगावर घेतली की पुठ्ठ्यासारखी उभी राहते. आजीने या प्रश्नाला उत्तर दिले नाही.

मुलगी झाली. बारशाला आम्ही गोधडी शिरपूरला घेऊन गेलो. आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला, गोधडीच्या एका कोपऱ्यात काहीतरी वाजते, बाळ तिकडे मान वळवते. माझ्या काळजात धस्स झाले. पहिल्या फसलेल्या फुलाचे तुकडे उसवून मी पुन्हा गोधडीत वापरले होते. त्यातल्या एका तुकड्यावर मी कागद चढवला नव्हता, जुनाच कागद होता म्हणून तसाच जोडला आणि काढायचा राहिला. म्हणजे आत लग्नपत्रिका. आणि पत्रिकेच्या माथ्यावर काय छापलेले असते ते वाचकांना सांगायला नको.

आजीपासून लपवावे असे आईचे मत होते. मी सांगून टाकले. आजी बराच वेळ गप्प राहिली. मग तिने विचारले, "उशाकडे शे का पायथाकडे?"

मी बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, कोपरा तर कोपराच, गोधडी फिरवू तिकडे उसे होईल. आजीने फोन हातात घेतला आणि तिला सांगितले की त्या कोपऱ्याला लाल दोरा बांध, म्हणजे धुतल्यावरही उशाची बाजू चुकणार नाही.