समुद्र ओलांडण्याआधी एकदा वर बघा!

ऑक्टोबर हीट सरली की कट्ट्यावर बसल्या बसल्या मान जरा वर करा. नोव्हेंबरात कोकण किनाऱ्यावर नशीब असेल तर अमूर ससाणा दिसतो. नराचं अंग राखाडी, पाय लालभडक. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, पण पठ्ठ्या सायबेरिया-चीनमधून निघून न थांबता अरबी समुद्र ओलांडतो आणि आफ्रिका गाठतो!

२०१२मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ हजारो ससाणे जाळी लावून मारले गेले. पुढच्याच वर्षी पांगतीच्या गावकऱ्यांनी ती जाळी गुंडाळली.

आता आपली पाळी. ससाणा दिसला, तर फोटोसाठी मागे धावू नका. थकलेल्या पाहुण्याला बसू द्या. तारीख, ठिकाण, संख्या तेवढी 'ई-बर्ड'वर टाका. त्याची वाट अशा नोंदींतूनही कळते.